झटका नको देऊ बाप्पा!

नागपूरच्या जरीपटक्यातल्या आमच्या गल्लीत अर्धी घरं सिंधी, अर्धी मराठी. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती गजबजवली. पलीकडे इंदोरा, बेझनबाग, मोतीबागेतलं रेल्वेचं वर्कशॉप. भाषा दोन, स्वयंपाक दोन, पण कंबर सांभाळायची रीत एकच. कोणी भरलेली बादली उचलली की कुठल्या ना कुठल्या दारातून आवाज यायचाच, "झटका नको देऊ बाप्पा, कंबर जाईन!" शेजारच्या सिंधी चाचीसुद्धा हे वाक्य अस्सल नागपुरी हेल काढून म्हणायच्या.

पोटाचा वेगळा व्यायाम, पाठीचा वेगळा, असं आमच्या घरांत काही नव्हतं. जातं होतं, पाटा-वरवंटा होता, उखळ-मुसळ होतं. नळावरून आणायचा पितळेचा गुंड होता. उन्हाळ्यात गच्चीवर चढवायच्या बाजा होत्या. नवतपा लागला की कूलरमध्ये ओतायच्या बादल्या होत्या. आणि या प्रत्येकाचं शास्त्र आजीला तोंडपाठ होतं.

आजी जात्याशी बसायची ती एक पाय लांब पसरून, दुसरा दुमडून. खुंटा हातात, पण फिरायचं सगळं धड. वाकणं खुब्यातून, पाठीचा कणा सरळच्या सरळ. थोडं दळून झालं की हात बदलायचा, पायही बदलायचा, म्हणजे एकाच अंगावर भार नको. तोंडाने ओवी चालू. आता कळतं की त्या ओवीनेच तिचा श्वास मोकळा ठेवला, कारण दम रोखून गाता येत नाही. आज योगवर्गात चक्की चालनासन म्हणून जे शिकवतात, ते पिठाशिवायचं दळणच.

गुंड उचलायचा तर आधी उकिडवं बसायचं, गुंड छातीशी घ्यायचा, मग पायांच्या जोरावर उठायचं. कूलर भरताना कमरेतून पिळायचं नाही. वळायचं तर पावलं वळवायची. सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या वाकायचं नाही, आधी अंगणात चार फेऱ्या. याचं कारण आम्हाला फार उशिरा समजलं. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची किंचित वाढलेली असते आणि तेव्हाच वाकण्याचा ताण चकत्यांवर जास्त येतो. आजीला चकत्या ठाऊक नव्हत्या, चार फेऱ्या ठाऊक होत्या.

पोट्ट्यांचा मुक्काम आखाड्यात. तांबडी माती, तेलाचा वास, जोर, बैठका, मुद्गल आणि मल्लखांब. विदर्भात व्यायाम म्हटलं की अमरावतीचं नाव निघायचंच. 1914 साली वैद्य बंधूंनी तिथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं आणि 1936 मध्ये या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. ही गोष्ट सांगताना आमच्या वस्तादांची छाती फुगायची. जोर काढताना मात्र त्यांचं लक्ष छातीकडे नसायचंच. "कंबर खाली पडू देऊ नको, पोट आवळ, झटका नको!" चार जोर कमी निघाले तरी चालतील, पण कंबर लोंबलेली चालणार नाही.

शाळेतली कवायत वेगळी. पाय सरळ पसरायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, हात मानेमागे गुंफायचे आणि धाडधाड उठायचं. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांची मान आखडलेली. त्यात पोटाला काम थोडंच. जोर लावायचा तो कमरेच्या मणक्यांपासून मांडीपर्यंत गेलेला स्नायू, आणि तो मणक्यांनाच खेचायचा.

एवढं करूनही उसण भरायचीच. मग पायाळू माणसाची शोधाशोध. जन्मताना पाय आधी आलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही गल्लीची श्रद्धा. त्यामुळे एरवी कोणी न विचारणाऱ्या पोरालाही त्या दिवशी चहा-पोहे मिळायचे. सोबत गरम विटेचा शेक, ओव्याची पुरचुंडी, तिळाचं तेल. बाळंतिणीला शेगडी, डिंकाचे लाडू आणि जुन्या लुगड्याची पोटपट्टी.

तरी जुनं सगळं सोनं नव्हतं. पोटपट्टीने आधार मिळायचा, पण सैलावलेले स्नायू बळकट करायला सवड कोणी दिली? बाळंतपण उरकलं की गुंड पुन्हा डोईवर. आमच्या कितीतरी आया-मावश्या चाळिशीतच वाकल्या. कामाने कंबर घडते तशी मोडतेही; फरक पडतो तो विसाव्याने आणि बेताने.

हा बेत नागपूरला नीट शिकवला तो जनार्दनस्वामींनी. रामनगरच्या योगाभ्यासी मंडळाचे विनामूल्य वर्ग गावभर चालले. झेपेल तेवढंच करा, पण रोज करा, ही त्यांची शिकवण. भुजंगासनात पाठ उचलायची, पवनमुक्तासनात सैल सोडायची. एकाला दुसऱ्याची जोड. कॅनडातले पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचा रोखही तोच आहे. कणा पुन्हा पुन्हा मुडपण्यापेक्षा त्याला स्थिर धरणारं बळ वाढवा, आणि तेही थोडं थोडं.

आता जाती गेली, गुंड माळ्यावर गेले आणि दिवस खुर्चीत जातो. म्हणून जे काम घर आपोआप करून घ्यायचं, ते ठरवून करायला हवं. सकाळी दयानंद पार्कमध्ये आम्ही आज्या, मावश्या, चाच्या आधी चालतो, मग सतरंजी अंथरतो. उताणं निजून एक गुडघा दुमडायचा, कमरेच्या पोकळीखाली तळवे ठेवायचे आणि डोकं-खांदे जरासेच उचलायचे. मग हात-गुडघे टेकून उजवा हात आणि डावा पाय लांब करायचा, नंतर उलट. मग कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांच्या आधाराने अंग उचलून धरायचं. शेवटी सेतुबंधासन. प्रत्येक वेळी दहा अंक मोजेपर्यंत थांबायचं, आणि तेही मोठ्याने मोजायचं, म्हणजे दम रोखला जात नाही. पायात कळ उतरली, मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांकडे. लघवीचा ताबा गेला तर त्याच क्षणी. तिथे पायाळूचं काम नाही.

नातवंडं जिममधून येतात, किती वजन उचललं ते कौतुकाने सांगतात. आम्हालाही कौतुक वाटतं. आम्ही विचारतो ते एवढंच, की उचलताना दम सुटा होता का, वजन अंगाशी होतं का, आणि झटका तर नाही ना दिला? जात्यावरची पिढी आम्हाला हेच विचारायची, आणि पुढच्या पिढीला द्यायला आमच्याजवळ याहून उपयोगाचं दुसरं काही नाही.