पायाखालचा साग

दुकानात लाकडी फ्लोअरिंग करायचे म्हटले की गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, 'सगळ्यांत कठीण लाकूड कोणते?' दुबईत एकोणीस वर्षे मी हेच काम केले. शेठ केरळचा असो, इराणचा असो की इंग्रज, प्रश्न हाच. विकणारा तयारच असतो. तो आकड्यांचा तक्ता पुढे सरकवतो. पोलादाची ११.२८ मिलिमीटर व्यासाची गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती पौंड जोर लागतो, त्याचे ते आकडे. गॅब्रिएल यांका नावाच्या गृहस्थाने १९०६ साली ही चाचणी काढली. लाल ओक १,२९०, मेपल १,४५०, ब्राझीलचा जटोबा दोन हजारांच्या पुढे, इपे तर साडेतीन हजारांच्या घरात. आणि आपला साग? हजाराच्या जरासा वर. आमच्या कोकणातला ऐनसुद्धा त्याला मागे टाकतो.

तक्ता खोटा नाही. टाचेच्या चपला घातलेल्या बाईचे साठ किलो वजन चालताना क्षणभर एका चौरस सेंटिमीटरवर येते. एवढा दाब हत्तीच्या पावलाखालीही पडत नाही. तिथे कठीण लाकूड कामाला येते. पण वर्दळीच्या दुकानात जमिनीचा जीव टाचा घेत नाहीत. तो घेतात रेती आणि पाणी. रेतीचा कण कुठल्याही लाकडापेक्षा कठीण असतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तळव्याला चिकटून तो फुकट आत येतो. पाण्याचे तर विचारूच नका. हवेत आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकूड आपल्या वजनाच्या साधारण ९ टक्के पाणी धरून ठेवते. आर्द्रता ८५ टक्के झाली की १७-१८ टक्के. तेवढे पाणी पिऊन फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. हे फुगणे-आटणे मेपलमध्ये आणि ओकमध्ये बरेच, सागात खूपच कमी. पण हा रकाना त्या तक्त्यात नसतो.

दुबईतल्या एका शोरूममध्ये आम्ही मेपल बसवले होते. काम देखणे झाले. पुढे भागीदारांच्या भांडणात शोरूमला कुलूप लागले, ते जून ते ऑगस्ट. एसी बंद, आणि समुद्राची दमट हवा. कुलूप उघडले तेव्हा फळ्यांनी एकमेकींना रेटून मधोमध तंबू उभा केला होता. गोळी रुतवून पाहिली असती तर आकडा चांगलाच आला असता! ती जमीन आम्ही चार दिवस उखडत होतो. माझ्या गुडघ्यांवरचे घट्टे पाहून गावातले बुजुर्ग 'माशाल्ला, पक्का नमाजी दिसतोस' म्हणतात. मी गप्प बसतो. त्यातले निम्मे तरी घट्टे लाकडाचे आहेत.

एवढे पाल्हाळ लावले ते माझ्या भाचीच्या दुकानासाठी. दापोलीच्या बाजारात एका जुन्या घराची माडी तिने भाड्याने घेतली. नऊशे चौरस फूट. लग्नाचे शरारे, लेहंगे, आतल्या खोलीत पाच शिवणयंत्रे. तलाकला दोन वर्षे झाली होती. पैसा होता तो तिच्या मेहरचा आणि माझ्या बहिणीने मोडलेल्या चार बांगड्यांचा. त्यातला चौथा हिस्सा एकट्या जमिनीवर जाणार होता. पुण्याहून आलेल्या डिझायनरने तिला तोच तक्ता दाखवला होता. माडीचा कडीपाट उखडून टाका आणि परदेशी लाकूड बसवा, असा त्याचा सल्ला.

मी आधी तो कडीपाट पाहायला गेलो. फळ्या सागाच्या, सव्वा इंच जाड. वरची पुटे काळी पडलेली, खिळ्यांची डोकी वर आलेली, पाऊल टाकले की कुरकुर. फळ्यांपेक्षा तुळया महत्त्वाच्या. त्यांची टोके जांभ्याच्या भिंतीत शिरतात, तिथे ओल धरते आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. प्रत्येक टोकाला स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला. एका ठिकाणी तो बोटभर आत गेला. ती तुळई बदलावी लागणार होती. बाकी सगळी टोके टणक. वाळवी लागली होती, पण फक्त फळ्यांच्या फिकट कडांना. गाभ्याचा साग तिने चाखून सोडून दिलेला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या घराची कौले उडाली होती आणि माडीवर आठवडाभर पाणी होते, असे घरमालक सांगत होते. तरी फळ्या पुन्हा आपापल्या जागी बसल्या होत्या. यापेक्षा मोठी चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत होणार?

भाचीला म्हटले, 'हेच ठेव. घासून काढू.'

ती म्हणाली, 'मामू, तुम्हाला लाकूड दिसतं. मला माझी गिऱ्हाइकं दिसतात. बाजारात लोक आधी माझ्याकडे बघणार, मग कपड्याकडे. जुनी जमीन दिसली की म्हणतील, बिचारीनं कसंबसं उभं केलंय. मला बिचारी व्हायचं नाही.'

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. तिचे म्हणणे खरे होते. नवऱ्याच्या पैशाने उघडलेल्या दुकानाची जमीन कुरकुरली तर लोक तिला जुन्या घराची शान म्हणतात.

मग मी हिशेब मांडला, कारण हिशेब तिला चांगला कळतो. लॅमिनेट म्हणजे लाकूड नव्हे, दाबलेल्या भुश्यावर लाकडाचा फोटो आणि वर कठीण पापुद्रा. दुकानाला किमान एसी-४ दर्जाचे लागते, फार वर्दळ असेल तर एसी-५. पापुद्रा खूप टिकतो, पण गेला की गेला, घासता येत नाही. सांध्यावर पाणी साचले की कडा फुगतात. इंजिनिअर्ड लाकडात वरचा थर खरा असतो, त्याची जाडी विचारून घ्यायची. चार मिलिमीटर असेल तर दोन-तीनदा घासता येतो. एक मिलिमीटरहून कमी असेल तर एकदाही नाही. नमुन्याचा तुकडा दाखवताना बहुतेक विक्रेते वरची बाजू पुढे करतात. आपण तो आडवा धरून कड पाहावी. आणि हा कडीपाट? एका घासाईत पाऊण-एक मिलिमीटर जातो. तुझी मुलगी दुकानात बसायला लागेल, तेव्हाही घासायला लाकूड शिल्लक असेल.

ती बराच वेळ कागद बघत राहिली. मग तिने आपली अट घातली. शिवणाची आणि कपडे घालून पाहायची खोली तिच्या मनासारखी होणार, फिकट रंगाचे लॅमिनेट, चकचकीत. मी एसी-४ वर राजी झालो. तिथे रेती नाही, पाणी नाही. वजनाची यंत्रे मात्र भिंतीलगत, तुळयांच्या टोकांकडे लावायला सांगितली.

बाहेरच्या दालनाचे काम २०२२ च्या डिसेंबरात केले. तुळई बदलली, सैल फळ्यांना स्क्रू मारून कुरकुर बंद केली. खिळे ठोकून आत घातले, नाहीतर मशीनचा पेपर दर हाताला फाटतो. आधी चाळीस नंबरचा पेपर, मग ऐंशी, मग एकशेवीस. फळ्यांमधल्या फटी लांबीने भरू दिल्या नाहीत. डिझायनर यावर नाराज होता. पण फेब्रुवारीत दिसणारी फट जुलैत फळीला फुगायला लागते. ती बुजवली तर फळ्या एकमेकींच्या अंगावर जाणार. पॉलिशही पीयू घेतले नाही. पीयूचा थर टणक, पण चरा पडला तर सगळी खोली घासावी लागते आणि लग्नाच्या हंगामात कोण दुकान बंद ठेवणार? तेल-मेणाचे फिनिश दिले. रात्री चरा घासून बोळा फिरवायचा, सकाळी दुकान उघडायचे. तेलाचे बोळे मात्र ढीग करून ठेवायचे नाहीत, पाण्यात बुडवायचे. ते आपोआप पेटतात.

तिसऱ्या हातानंतर काळ्या पुटांखालून मधाचा रंग वर आला, तेव्हा भाची चपला काढून त्यावर चालून आली. बोलली काहीच नाही. डिझायनरला फोन करून दिव्यांची जागा तेवढी बदलून घेतली, उजेड जमिनीवर पडेल अशी.

जिन्याच्या वर, दारात, पाच पावलांचा पायपुसणा टाकला. लाल माती तिथेच झडली पाहिजे. तो महाग पडला म्हणून तिने कुरकुर केली, कडीपाटासारखीच. पहिल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. फटी मिटल्या होत्या, जमीन सपाट होती, पण पायपुसणा चिंब होऊन वाळेना.

'दुसरा घेऊ का?' तिने विचारले.

'घे,' म्हणालो, 'आणि पाळीपाळीने वाळत घाल.'