लुचाई, रात्रीची लाईट आणि रामशेज

आमच्या भागात द्राक्षबागेला पाणी द्यायचं तर रात्र जागावी लागते. शेतीपंपाची थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. हा फेरा दिंडोरी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला आहे. बारावीनंतरच्या हिवाळ्यात आमच्या मळ्यातली रात्रीची जागल माझ्याकडे आली. थोड्या थोड्या वेळाने ड्रिपचे व्हॉल्व्ह बदलायचे आणि मधल्या वेळात मोटारीच्या खोलीत बसायचं. त्या मधल्या वेळात मी नारायण धारपांची 'लुचाई' वाचली. पुस्तक मामेभावाने नाशिकहून आणलेलं होतं.

एक गाव हळूहळू एका अमानवी सत्तेच्या कह्यात जातं आणि मोजकी माणसं एकत्र येऊन तिच्याशी झुंजतात, एवढीच गोष्ट. पण धारप घाई करत नाहीत. ते आधी गाव उभं करतात, माणसांची ओळख करून देतात आणि मग त्यातलं एकेक माणूस काढून घेतात. आमच्या वस्तीवर रात्री नवानंतर एकही घर जागं नसतं. त्या शांततेत हे पुस्तक वाचताना वाटायला लागलं की आपल्याच वस्तीवरचा एखादा दिवा आज लागलेला नाही.

शेवटचा व्हॉल्व्ह बागेच्या पार टोकाला, शेजारच्या उसाला लागून होता. तिकडे बिबट्याची भीती असते, आणि ती खरी भीती आहे; तालुक्यात वासरं, कुत्री जातात, माणसांवरही झडप पडलेली आहे. वडिलांनी बजावून ठेवलेलं होतं, "बॅटरी पुढं धरायची, काठी आपटत चालायचं, मोबाईलवर गाणं लावायचं." बिबट्यासाठी हे उपाय होते. पण पुस्तकातलं जे माझ्याबरोबर उसापर्यंत चालत आलं होतं, त्याच्यावर बॅटरीचा काही उपाय नव्हता. परत येऊन मी कडी लावली आणि पुस्तक मिटायच्या ऐवजी पुन्हा उघडलं. मिटवलं असतं तर मी त्या दुष्ट शक्तीबरोबर एकटा राहिलो असतो. पुढच्या पानांवर निदान तिच्याशी लढणारी माणसं तरी होती.

या लढणाऱ्यांनीच मला धारपांचा वाचक केलं. त्यांना घाम फुटतो, त्यांना पळून जावंसं वाटतं. आधी ते डोळ्यांवर विश्वास ठेवत नाहीत, मग खात्री करून घेतात, आणि तरीही जातात. पुढे कळलं की 'लुचाई' स्टीफन किंगच्या 1975 सालच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे आणि किंगने त्या कादंबरीची प्रेरणा ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'तून घेतली होती. 1897 सालच्या त्या कादंबरीत ड्रॅक्युलाचा माग काढणारा वॅन हेल्सिंग हा डॉक्टर आणि प्राध्यापक आहे. म्हणजे या वंशावळीत पिशाच्चाशी लढणारा पहिल्यापासून अभ्यास करणारा माणूस आहे. उसनी गोष्ट म्हणून काही जण धारपांना कमी लेखतात. मला ते पटत नाही. परदेशातलं भय आपल्या ओसरीवर आणून बसवायला मोठी ताकद लागते. 1925 साली जन्मलेले आणि 2008 साली गेलेले धारप शंभरावर पुस्तकं लिहून गेले.

मग मी त्यांच्या समर्थकथा मिळवल्या. दिंडोरी हे स्वामी समर्थ सेवामार्गाचं गाव. आईने मुखपृष्ठावर 'समर्थ' एवढंच वाचलं आणि पुस्तक उचलून देवघराशेजारी ठेवलं. हे समर्थ वेगळे, हे सांगितल्यावर तिने विचारलं, "हे काय करतात मग?" म्हटलं, वाईट शक्तींच्या तावडीत सापडलेल्यांना सोडवतात. "मग राहू दे तिथंच," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. ज्या मुलखात सप्तशृंगीने महिषासुराला मारल्याची कथा चैत्रात पायी गडावर जाताना मुलांना सांगतात, तिथे राक्षसाशी लढणं ही काही परकी गोष्ट नाही.

आमच्याच तालुक्यात एक मांत्रिक इतिहासातही होऊन गेला. आशेवाडीजवळच्या रामशेजला औरंगजेबाच्या फौजेने 1682 मध्ये वेढा घातला. एवढासा किल्ला, पण वर्षं गेली तरी पडेना. सैन्यात बोललं जाऊ लागलं की किल्लेदाराला भुतं वश आहेत. तेव्हा मुघल सरदार बहादूरखानापुढे एक मांत्रिक उभा राहिला. त्याने शंभर तोळे सोन्याचा नाग करून मागितला आणि तो हातात धरून फौजेच्या पुढे गड चढू लागला. अर्ध्यावर गेला नाही तोच वरून गोफणीचा दगड छातीवर बसला. नाग एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. ही हकीकत मुघलांकडच्याच खाफीखानाने लिहून ठेवली आहे. गडावर भुतं नव्हती. तिथे दगड होते, गोफणी होत्या आणि न झोपणारी माणसं होती.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीला फिट यायची. घरच्यांनी तिला एका बाबाकडे नेलं. त्याने 'बाहेरचं' आहे म्हणून सांगितलं, कोंबडं घेतलं, पैसे घेतले, धुनीसमोर तिचे केस ओढले. वर्ष वाया गेलं. शेवटी नाशिकच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि ती सावरली. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले होते.

म्हणून भुतांच्या कादंबऱ्यांनी अंधश्रद्धा वाढते असं कुणी म्हटलं की मला राग येतो. धारपांचं भय मी रात्रभर घेतलं आणि सकाळी बागेत औषध मारायला गेलो. त्या बाबाचं भय मात्र एका घराने वर्षभर पोसलं, तेही पैसे मोजून. पुस्तकातलं भय हे भय आहे हे वाचणाऱ्याला माहीत असतं, आणि ते कसं सोसायचं हेही तेच पुस्तक शिकवतं.

तालुक्यातल्या तरुण पोरांना माझं एवढंच सांगणं आहे: 'लुचाई' मिळवा, एकट्याने, रात्रीच वाचा. नंतर एखाद्या रविवारी रामशेज चढा आणि घरात कुणाला फिट आली तर गाडी थेट दवाखान्यात न्या.