साडेबत्तीस रुपयांची गोष्ट



आपल्या सुना-मुली संगणकावर जे काम करतात ते आपल्याला कळणारं नाही, असं आपण धरूनच चालतो. चहाचा कप टेबलावर ठेवायचा आणि पाऊल न वाजवता बाहेर यायचं. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या सुनेचं एक काम मला पुरतं कळलं. ते निघालं आपल्या वहीखात्याचंच.

माझी सून नोकरी सांभाळून रात्री एका मुक्त सॉफ्टवेअरचं काम करते. मुक्त म्हणजे ते कोणीही फुकट वापरावं, उघडून आतलं बघावं, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. हे सॉफ्टवेअर लहान दुकानदारांच्या बिलांचं आहे. गूगलचा 'समर ऑफ कोड' नावाचा उपक्रम २००५ पासून चालतो. त्यात नवी मुलं अशा प्रकल्पांवर कुणाच्या तरी हाताखाली काम करतात आणि त्यांना मानधन मिळतं. मध्यावर एक परीक्षण असतं, शेवटी एक. मार्गदर्शकाने पास केलं तरच पैसे. सुनेकडे असा एक मुलगा आला होता, विदर्भातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातला. तिला 'ताई' म्हणायचा.

त्याच्याकडे काम होतं जुन्या चाचण्या नव्या पद्धतीने बसवण्याचं. चाचणी म्हणजे काय ते आधी सांगते. मुख्य प्रोग्रामची परीक्षा घेणारा दुसरा छोटा प्रोग्राम. 'इतका माल, इतका दर, उत्तर इतकं यायला हवं' असं त्यात लिहून ठेवलेलं असतं. कोणी काही बदल केला की या शेकडो चाचण्या आपोआप चालतात. उत्तर जुळलं तर हिरवी खूण, नाही तर लाल.

मी बी.कॉम. झालेली. लग्नानंतर आमच्या कापडाच्या दुकानाची वही वीसएक वर्षं घरी बसून लिहिली. मी लगेच म्हटलं, "अगं, ही तर तेरीज!" नावे आणि जमा दोन्ही बाजू जुळल्या की पुढे जायचं, नाहीत तर कुठे चुकलं ते शोधत बसायचं. सून हसली. म्हणाली, "आई, अगदी तेच. फक्त आमची तेरीज दिवसातून पन्नास वेळा निघते."

या चाचण्या 'नोज' नावाच्या साधनावर चालायच्या. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ ची. पायथन ही संगणकाची भाषा ३.१० पर्यंत पुढे गेली आणि नोज तिच्यावर चालेनासं झालं. म्हणून सगळं 'पायटेस्ट'वर न्यायचं होतं. नमपायसारख्या मोठ्या प्रकल्पाने हा बदल २०१८ मध्येच केला. सुनेने मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "एका वेळी एकच गोष्ट हलव. साधन बदलतोस तेव्हा हिशेबाला हात लावू नकोस."

मुलगा हुशार आणि कष्टाळू. जूनअखेर त्याने बरंच काम उरकलं. काही चाचण्या पूर्वी कोणीतरी नुसत्याच बंद करून ठेवल्या होत्या. त्याही त्याने चालू केल्या. त्यात एक लाल आली. दुसऱ्या दिवशी ती हिरवी झालेली!

सुनेने उघडून बघितलं तर त्याने अपेक्षित उत्तरच बदललं होतं. चाचणीत ३३ लिहिलेलं होतं, प्रोग्राम ३२ देत होता. याने ३३ खोडून ३२ केलं.

मैत्रिणींनो, वही लिहिणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तेरीज जुळेना की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. ते तात्पुरतं असतं आणि सगळ्यांना दिसतं. पण बेरीजच खोडून हवी ती लिहिली तर फरक दिसेनासा होतो आणि चूक वहीत कायमची राहते. आपण पाणी गाळून घेतो ते फडकं फाटकं असेल तर गाळल्याचं समाधान तेवढं पदरी पडतं.

परीक्षण आठ दिवसांवर आलं होतं. सुनेपुढे तीन वाटा होत्या. स्वतः दहा मिनिटांत दुरुस्त करून टाकायचं. 'तू लबाडी केलीस' म्हणून नापास करायचं. किंवा डोळेझाक करायची. पोराच्या घरी त्या पैशांची वाट बघत होते, हे तिला ठाऊक होतं. जेवताना तिचं लक्ष नव्हतं. मी विचारलं, "तो आकडा कशाचा आहे?"

ती म्हणाली, "तेराशे रुपयांच्या मालावर पाच टक्के कर. अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा."

म्हणजे साडेबत्तीस आणि साडेबत्तीस. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कर पूर्ण रुपयात करताना ५० पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा, कमी असतील तर सोडायचे. साडेबत्तीसचे तेहतीसच व्हायला हवेत. दोन्ही मिळून सहासष्ट. प्रोग्राम चौसष्ट देत होता. म्हणजे चाचणी बरोबर होती आणि प्रोग्राम चुकत होता.

सुनेने ते मुलाला सांगितलं नाही. रात्री फोन लावून दोनच प्रश्न विचारले. "हा ३३ कोणी लिहिला असेल? आणि का?" या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ओळ कधी, कोणी, कशासाठी लिहिली याची नोंद राहते. मुलाने ती काढली. जुन्या माणसाने लिहून ठेवलं होतं की पन्नास पैशांना पुढचा रुपया.

मग मुलगा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, मला वाटलं हिरवं करणं हेच माझं काम आहे."

सून रागावली नाही. म्हणाली, "लाल का झालं ते समजून घेणं हे तुझं काम. आता साडेतीसपासून साडेचौतीसपर्यंत सगळे आकडे घालून बघ." पायटेस्टमध्ये एकाच चाचणीला आकड्यांची यादी देता येते, ते त्याला आधीच शिकवलं होतं.

त्याने पाठवलेली यादी मी स्वतः पाहिली. ३०.५० चे ३०. ३१.५० चे ३२. ३२.५० चे ३२. ३३.५० चे ३४. ३४.५० चे ३४. एक चूक, एक बरोबर, एक चूक! पायथनच्या जुन्या, दुसऱ्या आवृत्तीत अर्धा नेहमी पुढे जायचा. तिसऱ्या आवृत्तीपासून तो जवळच्या सम आकड्याकडे जातो. प्रकल्प तिसऱ्यावर नेताना ही चाचणी लाल झाली असणार आणि कोणीतरी घाईत ती बंद केली असणार. निम्मी बिलं बरोबर येत होती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या रात्री सुनेने फोन माझ्या हातात दिला. मुलगा म्हणाला, "काकू, हा कायद्याचा नियम मला समजावून सांगाल?" अर्धा तास मी त्याला कर, परतावा, नावे-जमा सांगत होते. पोरगं मन लावून वहीत लिहून घेत होतं. इतक्या वर्षांनी माझी पदवी कुणाच्या तरी उपयोगी पडली, याचं मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग त्यानेच पैशांच्या हिशेबासाठी पायथनमध्ये जी 'डेसिमल' नावाची सोय आहे ती वापरून प्रोग्राम दुरुस्त केला. सुनेच्या सांगण्यावरून ही दुरुस्ती त्याने चाचण्यांच्या कामापासून वेगळी पाठवली. खाली स्वतःहून लिहिलं की आधी मी अपेक्षित आकडा बदलला होता, तो चुकीचा होता. सुनेने त्याला पास केलं ते या चार शब्दांसाठी, असं ती मला म्हणाली. पुढच्या आवृत्तीबरोबर दुकानदारांना जुनी बिलं तपासायची सूचनाही गेली.

मला यात सुनेचं कौतुक वाटलं ते तिच्या धीराचं. नव्या सुनेची पोळी वाकडी झाली की आपला हात लगेच लाटण्याकडे जातो. पोळी गोल होते, पण ती आपली. तिने मुलाच्या हातातलं काम काढून घेतलं नाही आणि चूक झाकूही दिली नाही.

ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी आज एवढं करा. तेराशे रुपयांच्या मालाचं पाच टक्के कराचं एक नमुना बिल काढा, कर पूर्ण रुपयात होऊ द्या आणि बघा. सहासष्ट आले तर ठीक. चौसष्ट आले तर ज्याने सॉफ्टवेअर दिलं त्याला बोलवा, आणि लगोलग तेराशे चाळीसचंही बिल काढून दाखवा. तिथे अडुसष्ट बरोबर येतील, म्हणजे तो म्हणेल सगळं ठीक आहे. तेव्हा त्याला तेराशेचं बिल पुन्हा दाखवायचं.