खेळते भांडवल आणि तळहाताएवढा संगणक

चालते दुकान अनेकदा तोट्यामुळे नव्हे, तर झेपेल त्याहून अधिक उलाढाल अंगावर घेतल्यामुळे अडचणीत येते, हे वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत आम्ही शिकलो आणि पुढे बँकेच्या कर्ज विभागात प्रत्यक्ष पाहिले. माल उत्तम, गिऱ्हाईक भरपूर, मालक प्रामाणिक. परंतु खेळते भांडवल अपुरे. मग देणी थकतात आणि चालती पेढी थांबते. याच तत्त्वाचा अत्यंत स्वच्छ प्रयोग निवृत्तीनंतर मला घरातील एका इवल्याशा संगणकावर पाहावयास मिळाला.

रास्पबेरी पाय हे त्या संगणकाचे नाव. मुलांना अल्प खर्चात संगणकाचे अंतरंग शिकता यावे, या हेतूने इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका सेवाभावी संस्थेने तो फेब्रुवारी २०१२ मध्ये प्रथम बाजारात आणला. आमच्याकडील नग २०१६ साली आलेल्या तिसऱ्या पिढीचा. आकार डेबिट कार्डाएवढा; प्रोसेसरमध्ये चार कोअर, म्हणजे काम करणारे चार हात; आणि स्मृती अवघी एक जीबी.

निमित्त झाले जुन्या वह्यांचे. मोंढ्यातील आमच्या आडत दुकानाच्या, मोडी लिपीतील काही वह्या माळ्यावर होत्या. कागद पिवळा पडलेला, शाई मागच्या पानावर उमटलेली आणि एका गठ्ठ्याला वाळवी लागलेली. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत द्याव्यात, असे घरातील काहींचे मत. वडीलधाऱ्यांच्या हातचे अक्षर असे टाकू नये, असे इतरांचे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा नातू म्हणाला, “आजोबा, पानांची छायाचित्रे काढू. ती सरळ करून मागचे डाग पुसण्याचे काम संगणक करील.” मोडी वाचण्याचे काम जाणकारालाच करावे लागणार होते, पण वाचण्याजोगी प्रत तरी उरणार होती.

या कामासाठी त्याने ‘ओपनसीव्ही’ ही प्रणाली निवडली. चित्रांवर प्रक्रिया करणारा हा प्रचंड संग्रह १९९९ साली इंटेल कंपनीत सुरू झाला आणि त्याचे मूळ लेखन सर्वांना खुले आहे. तयार पाकीटही मिळते; परंतु ते सर्वांच्या गरजा धरून बांधलेले असते. मूळ लेखनापासून स्वतः बांधणी केली, तर अनावश्यक भाग वगळता येतात. याला ‘कम्पाइल करणे’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर मूळ लेखन म्हणजे रोजकीर्द. माणसाला ती वाचता येते, पण तिच्यावरून लगेच व्यवहाराची स्थिती कळत नाही. कम्पायलर एकेक फाइल घेऊन यंत्राला समजेल अशी खतावणी करतो आणि अखेरीस सर्व खाती जुळवून एकच पक्का दस्तऐवज तयार होतो. एका फाइलमध्ये चूक निघाली, तरी काम तिथेच थांबते. तेरीज जुळल्याशिवाय ताळेबंद होत नाही, तसे.

चार हात आहेत म्हणून नातवाने एकाच वेळी चार फाइलींचे काम लावले. प्रारंभी वेग पाहून समाधान वाटले. परंतु एकेका मोठ्या फाइलला कित्येकशे एमबी स्मृती लागते. अशा चार फाइली एकदम आल्या आणि एक जीबी संपली. स्मृती संपली की मुख्य प्रणाली सर्वाधिक जागा अडवणारे कामच बंद पाडते. तसेच झाले. हात चार, भांडवल एकाचे! वाणिज्यात यालाच ‘ओव्हरट्रेडिंग’ म्हणतात.

उपाय दोन होते. पहिला उसनवारीचा. मेमरी कार्डावरील काही जागा स्मृती म्हणून वापरता येते. तिला ‘स्वॅप’ म्हणतात. तिची मर्यादा १०० एमबीवरून २ जीबी केली. ही शुद्ध कॅश क्रेडिट! अडचणीला उपयोगी, पण व्याज चुकत नाही: कार्ड खऱ्या स्मृतीहून फार संथ असते आणि वारंवार लिहिल्याने झिजते. म्हणून काम होताच मर्यादा पूर्ववत करावी लागते. दुसरा उपाय परिमाणाचा: एका वेळी एकच फाइल, आणि चाचण्या, उदाहरणे, चलच्चित्रे यांसारखे न लागणारे भाग आधीच वगळणे.

असे लावल्यावर काम पाच तासांहून अधिक चालले; सहा सामायिके होऊन वर वेळ उरावा इतके. पण पूर्ण झाले. वीज किती लागली? पाच वॅट धरून सहा तासांचे तीस वॅट-तास, म्हणजे एका युनिटचा तेहतिसावा भाग. एक हजार वॅटची इस्त्री एवढी वीज दोन मिनिटांत घेते.

मध्यंतरी वीज गेलीच, तरी सारे वाया जात नाही. बेल लॅब्जमधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ नावाची उपयुक्तता लिहिली. कोणती फाइल केव्हा बदलली हे पाहून, झालेले काम ती पुन्हा करीत नाही. खतावणी जिथवर झाली, तिथून पुढे. उन्हाचे मात्र भान ठेवावे लागते; प्रोसेसरचे तापमान ८० अंशांकडे गेले की तो स्वतःच वेग कमी करतो. आपल्या शहरातील मे महिन्यात हे काम रात्रीच लावलेले बरे.

तथापि सबुरीने सर्व काही साधते, असे मी म्हणणार नाही. क्रोमियमसारख्या महाकाय ब्राउझरची अखेरची जुळणी हे एकच काम असते आणि त्यालाच कित्येक जीबी स्मृती लागते. तिथे हात कमी करून भागत नाही. तो माल मोठ्या यंत्रावर या छोट्या यंत्रासाठी बांधून आणावा, हाच व्यवहार. आपण काय घेऊ नये, हे ओळखणे हाही मर्यादेचाच भाग आहे.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताला परिग्रह-परिमाण म्हणतात. त्यातील ‘परिमाण’ या शब्दाकडे आपले दुर्लक्ष होते. ते दारिद्र्याचे व्रत नव्हे, मोजमापाचे आहे. मर्यादा आधी ठरवावयाची, अडचणीत सापडल्यावर नव्हे. आज आपल्या घरांतील तरुण दुसरी शाखा, तिसरे गोदाम यांचे बेत करतात, ते कौतुकास्पदच आहे. परंतु प्रकल्प अहवालात किती हात आहेत यापेक्षा प्रत्येक हाताला किती भांडवल लागेल, हा स्तंभ प्रथम भरावा. बँकेत समोर बसलेल्या कर्जदाराला हे पटवणे फार कठीण जात असे. नातवाला मात्र बंद पडलेल्या एका कामाने पटले.

वह्यांपैकी तीन पूर्ण झाल्या आहेत, वाळवीचा गठ्ठा आधी घेतला. रोज वीस पाने, असे त्याने स्वतःच ठरवले आहे.