बसून गायलेला निरोप

निरोपाच्या मैफलींवर आमचा फारसा विश्वास उरलेला नाही. ऑझी ऑस्बोर्नने १९९२ सालीच दौरे थांबवण्याची घोषणा केली होती आणि पुढे कित्येक वर्षे तो दौरे करीत राहिला. त्याच्या ब्लॅक सब्बाथनेही फेब्रुवारी २०१७ मध्ये बर्मिंगहॅमला रीतसर समारोप उरकला होता. (नाटकांच्या 'अखेरच्या प्रयोगां'ची सवय असलेल्यांना याचे नवल वाटू नये.)

तरीही ५ जुलै २०२५ रोजी आम्ही पतिपत्नी, दोघेही मराठीचे अध्यापक, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क या फुटबॉल मैदानात उभे होतो. घरातला धाकटा तिथे नोकरीला असतो. तिकिटे त्यानेच काढली. २०१७ च्या समारोपात मूळचा तालवादक बिल वॉर्ड नव्हता. या वेळी तो, गीझर बटलर, टोनी आयोमी आणि ऑझी असे चौघेही होते. २००५ नंतर प्रथमच.

मैदान अ‍ॅस्टन या कामगारवस्तीत आहे. १९६८ साली हा वाद्यवृंद याच परिसरात जन्मला. आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्याच दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे नेमका तारा दाबायचा हात अधू झाला. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून सूरच खाली उतरवला. ज्या जड, काळोख्या नादाने एक संगीतप्रकार घडवला, त्याच्या मुळाशी ही तडजोडही आहे. वृत्ताच्या बंधनाविषयी शिकवताना आम्ही हे उदाहरण देतो. वर्गात हशा होतो.

दिवसभर मेटॅलिका, गन्स अँड रोझेस आदी मंडळी वाजवून गेली. मग रंगमंचाखालून एक काळे सिंहासन वर आले आणि त्यात ऑझी बसलेला. त्याला कंपवात असल्याचे २०२० पासून जगजाहीर होते. त्याने आपली स्वतंत्र पाच गाणी म्हटली, मग चौघांनी मिळून चार, सारी बसूनच. 'मामा, आय अ‍ॅम कमिंग होम'ला त्याचा आवाज फाटला, तेव्हा मैदानाने गाणे उचलून धरले. आम्ही मात्र गात नव्हतो. आम्ही त्याचे हात पाहत होतो.

गावी अण्णांना हाच आजार आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी देवळातल्या भजनात पेटी वाजवणे सोडले. "लोक गाणं ऐकत नाहीत, माझा हात बघतात," म्हणाले. दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. फोन केला, तर ते ओट्यावर बसून दुरून भजन ऐकत होते.

परतल्यावर त्यांना मोबाइलवर थोडे चित्रण दाखवले. गोंगाट त्यांना रुचला नाही, पण नजर त्यांनी हलवली नाही. २२ जुलैला ऑझी गेला. बातमी सांगावी की नाही, यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला, शेवटी सांगितली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेटी माळ्यावर आहे ना? भाता उंदरांनी कुरतडलाय का, बघून ठेवा."

भाता एका कडेने कुरतडलेला निघाला. तालुक्याला दुरुस्तीला दिला आहे.