पीसझडीतला खुराक

पितृपक्ष सरून नवरात्राची गडबड सुरू झाली, की कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत ज्या मोजक्या परड्यांत अजून कोंबड्या आहेत, तिथं पिसांचा सडा पडतो. आधी डोकं, मग मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपूट. तुरा फिका पडून आक्रसतो, अंडं बंद होतं. मग गल्लीतली एखादी मावशी हाक मारते, "दादा, कोंबडीला रोग आलाय बघा. दाणा बंद केलाय मी. अंडंच देत न्हाई, तर घालायचा कशाला?"

कोंबड्या पाळायला लागल्यापासून मी रोगांशी जेवढा झगडलो, त्याहून जास्त या हिशेबाशी झगडलोय.

वर्ष-दीड वर्षाची कोंबडी दिवस लहान होऊ लागला की जुनी पिसं टाकते. कोल्हापुरात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम दोन तासांचा फरक. तिला तेवढा पुरतो. पीस म्हणजे ८५ टक्क्यांहून जास्त प्रथिन. अंड्यात जाणारा माल आता पिसात जातो. काम चालूच असतं, फक्त आपल्या टोपलीत काही पडत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी आपण तिच्यापुढं मका, ज्वारी नाहीतर तांदळाची कणी टाकतो, ज्यांत प्रथिन दहा टक्क्यांच्या आसपास. अंड्यावरच्या कोंबडीला सोळा टक्के लागतं. पिसं भरताना अठरा-वीस असावं. तालमींच्या या पेठेत खुराक म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. अंग भरायच्या दिवसांत पैलवानाचं दूध-बदाम कुणी तोडत नाही. कोंबडीचं मात्र सर्रास तोडतात.

पीसझड कोंबडीला अशक्त करत नाही. आधीची उपासमार उघडी पाडते. ती ओळखायला हात लागतो. रात्री कोंबडी बसली, की छातीखाली अलगद तळवा घालावा. मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस लागलं तर काळजी नाही. हाडाची धार बोटाला रुतली, तर ती बऱ्याच दिवसांपासून अर्धपोटी आहे. मग गळ्याखालची पिशवी चाचपावी. संध्याकाळीही ती रिकामी असेल, तर दाणा आहे पण बाकीच्या तिला खाऊ देत नाहीत. अशीला डालग्याखाली वेगळी ठेवायची, पण इतरांच्या नजरेसमोर. नाहीतर परत सोडल्यावर टोचून हैराण करतात.

अशा अर्धपोटी कोंबडीला पहिले एक-दोन दिवस गुळाचं पाणी चालतं, तेही साध्या पाण्याचं भांडं शेजारी ठेवून. शिजवलेल्या कणीत उकडलेलं अंडं कुस्करून, थोडं दही घालून, थोडं थोडं दिवसातून चार वेळा. पोट धरलं, की लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं आणलेली सुकट. पण मीठ निघेपर्यंत धुऊन, वाळवून, कुटून. सोयापेंड चांगली. शेंगपेंड पावसाळ्यात नाकाला लावून बघावी. कुबट वास आला तर टाकून द्यावी, त्या बुरशीचं विष थेट यकृतावर जातं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवावा. अंडं बंद असताना तिला तो फारसा लागत नाही. लागेल तेवढा ती खाते.

नव्या पिसांच्या निळसर कोंबात रक्त असतं. धरलं की दुखतं, मोडलं की वाहतं. म्हणून पोरांनी उचलायची नाही, आपणही विनाकारण नाही. शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा बघाव्यात आणि लोळायला राख-मातीचा खड्डा द्यावा. विष्ठेत जंत दिसले, मान वाकडी झाली, हिरवट-पांढरी हगवण लागली किंवा घरघर ऐकू आली, तर पीसझडीच्या नावावर न ढकलता जनावरांच्या डॉक्टरांना गाठावं. पीसझडीतली कोंबडी उघडी दिसते, पण तिचा डोळा तरतरीत असतो.

मोठ्या पोल्ट्र्यांत कोंबड्यांना मुद्दाम उपाशी ठेवून एकदम पिसं टाकायला लावायची पद्धत होती. सगळ्यांचा अंड्यांचा दुसरा फेरा एकत्र सुरू व्हावा म्हणून. हे १९६० च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्याविरुद्ध आहे, थांबवा, असं प्राणी कल्याण मंडळानं २०११ मध्ये बजावलं. दाणा तोडणारी मावशी नकळत तेच करते, आणि पदरात काही पडत नाही.

मावशीला मी पंख उघडून दाखवतो. टोकाकडची दहा मोठी पिसं. चांगली अंडी देणारी कोंबडी शेवटपर्यंत अंडी देते, उशिरा पिसं टाकते आणि दोन-तीन एकदम टाकून लवकर मोकळी होते. म्हणून तीच सगळ्यांत भकास दिसते आणि तीच आधी बाजारात जाते. आळशी कोंबडी आषाढातच सुरुवात करते, एकेक पीस टाकत दिवाळी गाठते आणि सगळा वेळ बरी दिसते. रश्श्यासाठी निवडायचीच असेल, तर मावशी, ही बरी दिसणारी निवडा.