म्हशीची जवारी

आमच्या घरात म्हैस आली ती गेल्या आषाढात. कोल्हापूरहून, एस.टी.ने, काळ्या कापडी पिशवीत बसून.

म्हैस हे नाव सासूबाईंनी ठेवले. आमच्या धाकट्या दिरांनी जुनी बेस गिटार विकत आणली होती, नऊ हजारांना. चार जाड तारांचे हे वाद्य खालच्या स्वरांत गाण्याला आधार देते. साध्या गिटारला मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे पडदे असतात. हिला तेही नव्हते, मान नुसती गुळगुळीत. सारंगीसारखा किंवा व्हायोलिनसारखा स्वर कानाने शोधायचा. भावजींनी पहिल्या संध्याकाळी वायर जोडून तार छेडली, तेव्हा स्वर असा काही उमटलाच नाही. थप्प असा आवाज झाला आणि पाठोपाठ लोखंडी कपाटाची दारे खणखणली. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "म्हैस हंबरली गं बाई!"

मी हसले, पण भावजी हसले नाहीत. २०२१ मध्ये मामंजी गेले, तेव्हापासून ते घरात कामापुरतेच बोलत. नोकरीवर जायचे, यायचे, जेवायचे, खोलीचे दार लावायचे. तीन-चार वर्षांत त्यांनी स्वतःसाठी हौसेने आणलेली ही पहिली वस्तू. आठ दिवसांनी ते म्हणाले, "वहिनी, विकून टाकतो. पाच हजार तरी येतील." मला पैशांपेक्षा त्या बंद दाराची काळजी वाटली. शाळेतून दुपारी दोनला मी मोकळी होते. म्हटले, "चार दिवस थांबा. आपण बघू तरी तिला काय दुखतंय."

बिनखर्चाचा इलाज आधी केला. आवाज मोठा करणारी पेटी खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर होती. कोपऱ्यात खालचे स्वर नुसते घुमतात. पेटी चौरंगावर ठेवून भिंतीपासून हातभर पुढे ओढली, तशी कपाटाची खणखण निम्मी झाली. मग तारा. त्यांच्या वेढ्यांत आधीच्या मालकाचा घाम नि मळ बसलेला. त्या काढून, गुंडाळी करून जुन्या पातेल्यात दहा मिनिटे उकळल्या. हा उपाय भावजींनाच ठाऊक होता, मी फक्त पातेले दिले. पाणी चहासारखे झाले! तारा फडक्याने कोरड्या पुसून पुन्हा चढवल्या, तर आवाजाला चकाकी आली. ही चकाकी थोडे दिवसच टिकते बरं का. नव्या तारांची सर तिला नाही. सासूबाईंनी ते पातेले नंतर तीनदा घासायला लावले ते वेगळेच.

चकाकी आली तरी आवाजात जीव नव्हता. एकदा भावजी आंघोळीला गेले असताना मी वायर न जोडताच एक तार बोटाने दाबून छेडली आणि कान सरळ लाकडाला लावला. आणि मला माझा तानपुरा आठवला. बी.ए.ला माझा संगीत विषय होता. मिरजेच्या बाईंकडे मी सहा वर्षे गात होते. तानपुरा लग्नानंतर माहेरी राहिला आणि तिथे माळ्यावर त्याचा भोपळा तडकला, तो विषय इथे नको. पण जवारी बिघडलेला तानपुरा असाच लागतो, हे मला पक्के ठाऊक होते. तार वाजते, गात नाही.

तानपुऱ्याची तार घोडीच्या टोकदार कडेवर नसते. घोडी रुंद असते, तिला अगदी हलका उतार असतो, आणि तार त्या उतारावरून निघताना त्याला हळूच शिवत राहते. त्या शिवण्यातून तो झंकार उमलतो. खाली दोरा सरकवून आपण ती नेमकी जागा शोधतो. बिनपडद्याच्या बेसमध्ये तार बोटाखाली थेट लाकडावर दाबली जाते आणि तिथून निघताना लाकडाला अशीच घासत जाते. म्हणजे त्या मानेची सगळी पट्टी ही एक लांबलचक घोडीच! तार फार उंच असली तर ती लाकडाला शिवतच नाही, थप्प वाजते. फार खाली असली तर खडखडते. दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी.

भावजींना हे सांगितले, तेव्हा ते ओल्या केसांनीच खाली बसले. "या आवाजासाठीच तर ही घेतली होती, वहिनी!" मग अर्धा तास बोलत होते. जॅको पास्टोरियस नावाच्या अमेरिकन वादकाने आपल्या गिटारचे पडदे काढले, फटी बुजवल्या आणि पट्टीवर बोटींना लावतात तो एपॉक्सीचा लेप दिला. १९७६ साली त्याची पहिली तबकडी आली. त्याच्याही आधी, १९६१ मध्ये, पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेलेल्या बिल वायमनने एका स्वस्त बेसचे पडदे उपटून टाकले होते. म्हणजे हा उद्योग मुळातच घरगुती म्हणायचा.

प्रत्येक तारेच्या टेकूला बारीक स्क्रू असतात. ते किल्लीने फिरवून तारा खाली घेतल्या. मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, तिने मानेचा बाक कमी करता येतो. तार दोन्ही टोकांना दाबून धरली, तर मध्यावर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे, इतकाच बाक हवा. सळई एका वेळी पाव फेरा फिरवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लाकडाला विसावू द्यायचे. घाई केली तर मानच जायची. एवढे करून आवाज खुलला, पण मान धडाला मिळते तिथे तिसरी तार खडखडू लागली. तार वर घेतली की थप्प, खाली घेतली की खडखड. आमचे घरगुती ज्ञान तिथे संपले.

रविवारी म्हैस पाठीवर घेऊन आम्ही सांगलीहून सिटी बसने मिरजेला गेलो. तानपुरे-सतारींचे गावच ते. माझ्या तानपुऱ्याची जवारी काढणारे चाचा अजून बसतात. आता चष्मा जाड झाला आहे. त्यांनी बेस उलटीसुलटी करून पाहिली. "ह्याला भोपळा नाही, घोडी नाही, मी काय करू बेटा?" मी म्हटले, "चाचा, नुसतं ऐका." त्यांनी एक तार छेडून कान लाकडाला लावला, माझ्यासारखाच! मग पोलादी पट्टी मानेवर ठेवून ती दिव्यासमोर धरली. धडाजवळ सोडून बाकी सगळीकडे पट्टीखालून उजेड दिसत होता. "टेकाड आहे इथं. तार त्यावर आपटते."

तारा उतरवून, लांब सरळ ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून त्यांनी तेवढेच टेकाड उतरवले. मध्ये मध्ये पुन्हा पट्टी, पुन्हा दिवा. दीड तास गेला. भावजी शेजारी उकिडवे बसून प्रश्नांवर प्रश्न विचारत होते, आणि मी नुसती त्यांच्याकडे बघत होते. चाचांनी दोनशे रुपये घेतले.

इथे थांबायला हवे होते. पण भावजी रात्रपाळीला गेले असताना मला वाटले, मानेच्या टोकाची पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात, ती अजून उंच आहे. होतीही. त्या टोकाला तार आणि लाकूड यांत कार्डाएवढीच फट पुरते. मी बारीक कानस घेतली आणि जाड तारेची खाच खोल करत गेले. दोन घास जास्त गेले. मोकळी तार घोंगावू लागली, गांधीलमाशीसारखी. सकाळी भावजींनी छेडून पाहिली, काही बोलले नाहीत, पिशवीत भरली आणि दार लावून घेतले. मला जेवण गेले नाही.

संध्याकाळी दार उघडले. हातात मोबाइल होता. "वहिनी, खायचा सोडा आहे?" खाचेत चिमटीभर सोडा दाबायचा आणि वर फेव्हिक्विकचा एक थेंब. क्षणात दगड होतो. धूर येतो, डोळ्यांना झोंबतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि तोंड लांब. त्या दगडात नवी खाच काढली, या खेपेस त्यांनी. मी कानशीला हातही लावला नाही. "तुमच्या हाताला ढोकळाच बरा," म्हणाले आणि हसले. आतून सासूबाईंनी विचारले, कोण हसतंय म्हणून.

शेवटी सगळ्या तारा मानेच्या मध्यावर लाकडापासून साधारण दोन मिलिमीटर ठेवल्या, जाड तार किंचित वर. तारांखालची चुंबके एका बाजूला खाली बसली होती, ती उचलली. फार जवळ नाही, नाहीतर चुंबक तारेलाच ओढते. आणि उजव्या हाताची बोटे मानेकडून टेकूकडे सरकवली. एवढ्याने आवाजाला नाक आले, कणा आला. आता स्वर उमटतो आणि मग हळूच फुलतो. मींड तर अशी निघते की ऐकत राहावे.

भावजींच्या चार तारांतली एक पांढरी सहात लागते आणि तिच्या खालची तिच्या मंद्र पंचमात. माझी पट्टी पांढरी सहाच. हे लक्षात आले त्या दिवशी भाजी करपली. आता शनिवारी रात्री भांडी झाल्यावर ते त्या दोन मोकळ्या तारा एकामागून एक सोडत राहतात आणि मी यमन गाते. आवाज चढत नाही पूर्वीसारखा, तार षड्जाच्या पुढे धाप लागते. ह्यांनी एकदा दार लोटून आत डोकावले आणि कपड्यांच्या घड्या घालायला स्वतःच बसले.

एक दोष राहिला आहे. सर्वांत बारीक तारेवर एका जागी स्वर लगेच विझतो. चाचा म्हणाले, तो लाकडाचा स्वभाव, त्याला हात लावू नका. रेशमासारख्या चपट्या वेढ्यांच्या तारा दिवाळीनंतर घ्यायच्या ठरल्या आहेत, म्हणजे मानेचे लाकूडही कमी झिजेल. तोवर पातेले वेगळे काढून ठेवले आहे. गेल्या शनिवारी लाइट गेले होते, तर साडेनऊला सासूबाईंनी विचारले, "आज म्हैस अजून बांधलेलीच का?"